ओझं उचलायचं नाही

मु. कोहळगाव, ता. चांदूर रेल्वे
१२ मार्च २०२४

चि. सौ. साधना हिस,

अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तुले नवल वाटन. घरात फोन असताना म्हातारा कागद काहून खराब करून राहिला, असं म्हणशीन. पण फोनवर मले तुह्याशी बोलता येत नाही. तू सून होऊन आली त्याले अकरा वर्षं झाली. 'चहा ठेवू का' अन् 'ताट वाढलं' याच्यापुढं आपलं बोलणं कधी गेलं नाही. मी ओसरीत, तू सैपाकघरात. गावाचे अर्ज लिहून लिहून मले कागदावर तेवढं सुचते, म्हणून लिहून राहिलो.

तू भावजयीच्या बाळंतपणाले म्हणून अकोल्याले गेली. बारशाचे पेढे आमी खाल्ले त्यालेही आता बरेच दिवस झाले. तू येऊन नाही राहिली. गीतांजलीचे मास्तर मले दोनदा विचारून गेले, पोरीची परीक्षा आली म्हणून. शेखरले विचारलं तर तो 'तिची मर्जी' म्हणते अन् बैल सोडाले निघून जाते.

इकडं गावची विहीर जानेवारीतच आटली, ते तू पाहूनच गेली. आंधी मे लागला की आटायची. दारोदारी नळ बसले, पण तोटी सोडली की हवा येते. टँकर येते म्हणतात त्या दिवशी येत नाही. बाया नाल्यापलीकडच्या झिऱ्यावरून पाणी आणून राहिल्या. तुही सासू बी जाते. तिचे गुडघे तुले माहीत आहेत.

आता एक विचारतो, राग मानू नको. शेखरनं तुह्यावर हात उचलला का? का घरात कोणी टाकून बोललं? माह्याच तोंडून काही निघालं असन तर तसंही लिहिजो. मोझरीच्या आश्रमात प्रार्थनेले बसणारा माणूस घरच्या सुनेशी वाईट वागला, असं मले माह्यापाशी ठेवायचं नाही.

पाडव्याच्या आंधी शेखरले घ्यायले पाठवतो. तयारीत राहजो.

तुझा मामाजी,
पंजाबराव


अकोला
२१ मार्च २०२४

तीर्थरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा दारात पोस्टमन पाहून आई घाबरली, नोटीस वगैरे आली की काय म्हणून. मी माडीवर जाऊन वाचलं. मला वडील नाहीत हे तुम्हाला माहीत आहे. असं पत्र मला कोणी लिहिलं नव्हतं.

ह्यांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. घरात मला कोणी बोललं नाही, तुम्ही तर नाहीच. मी रागावून आलेली नाही.

कारण आहे, पण ते सासऱ्याला लिहिण्यासारखं नाही. पाण्याचं आहे, एवढंच समजा. झिऱ्याची ती चढण, डोक्यावर गुंड आणि काखेत कळशी घेऊन, माझ्याच्यानं आता होत नाही. अकोल्यात काही नद्या वाहत नाहीत. इथंही नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येतो आणि तोवर ड्रम पुरवून वापरावे लागतात. पण तो दारात येतो. कुठं चढावं लागत नाही.

गीतांजली भावाच्या मुलीबरोबर इथल्या शाळेत जाऊन बसते. अभ्यास करते. तुमची आठवण काढते.

ह्यांना पाठवू नका, मामाजी. ते आले तर मला नाही म्हणावं लागेल, आणि चार लोकांत त्यांना ते लागेल.

आत्याबाईंना सांगा, एकच कळशी आणा. दोन नका.

तुमची,
साधना


कोहळगाव
१५ एप्रिल २०२४

चि. सौ. साधना हिस,

आशीर्वाद.

तुही तक्रार पाण्याची आहे न? मंग मिटली म्हणून समज.

मळ्यातल्या विहिरीले अजून पाणी आहे. ते सारं संत्र्याले जाते, हे तू जाणतेच. मी अन् शेखरनं विचार केला, बागेच्या पाण्यातलं थोडं घराले घेतलं तर झाडं काही मरत नाहीत. पांदणीच्या कडंकडंनं पाईप टाकला, तो थेट आपल्या अंगणात, तुळशीच्या बाजूले. काल मोटर सुरू केली. पयले हवा आली, मंग गढूळ आलं, मंग स्वच्छ. तुह्या सासूनं हंडा भरला अन् तशीच उभी राहिली. मी म्हटलं, 'आता काय पाहतं?' ती म्हणे, 'साधना पाहिजे होती.'

शेखर आता बोलाले लागला. 'तिले सांगा पाणी आलं,' असं तोच म्हणाला. फोन त्यानंच करायचा, पण त्यालेही माह्यासारखंच फोनवर सुचत नाही.

गेल्या आठवड्यात गारा पडल्या. आंबिया बहाराची संत्री लिंबाएवढी झाली होती. सगळ्या बागेत हिरवा सडा पडला. पाणी पडलं ते नाल्यानं निघून गेलं, विहिरीले वीतभर बी चढलं नाही. पाऊस पयले पाहुण्यासारखा सांगून येत होता, आता चोरासारखा येते अन् घरातलंच काहीतरी घेऊन जाते.

गल्लीतल्या बाया पाईपाकडं पाहत होत्या. लीलाबाई दाराशी आली अन् परत गेली. पण किती जणाईले पुरवावं माणसानं?

आता येजो. अक्षय तृतीयेले घरात सून पाहिजे.

तुझा मामाजी,
पंजाबराव


अकोला
२६ एप्रिल २०२४

तीर्थरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

पाईप आला हे वाचून मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता बॅग भर. मी भरायला घेतलीही. साड्या घडी करता करता लीलाबाई दाराशी येऊन परत गेली हे डोक्यात राहिलं, आणि मी बॅग तशीच ठेवली.

मामाजी, आता मी ते कारण लिहिते. वाचताना तुम्हाला संकोच होईल. मला लिहिताना होतोच आहे. पण तुम्ही मला विचारलंत, 'राग मानू नको' म्हणून विचारलंत, आणि मी टोलवून दिलं. त्याचं मला बरं वाटत नाही.

माझं अंग बाहेर येतं. पिशवी खाली उतरली आहे. दीड वर्ष झालं. उभं राहून काम केलं की ओढ बसते, गुंड उचलला की काहीतरी निसटतंय असं वाटतं. मी कापड बांधून पाणी भरत होते. जानेवारीत झिऱ्याच्या चढणीवर बसले ती उठता येईना. बाळंतपणाचं निमित्त झालं म्हणून इथं आले आणि भावजयीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी विचारलं, मुलं किती. म्हटलं, एक. मग विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. त्यांनी तपासलं. म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, आणि ओझं उचलायचं नाही.

ह्यांना मी सांगितलेलं नाही. नवऱ्याला हे कोणत्या शब्दांत सांगायचं मला कळलं नाही.

मी एकटी असते तर तुमचा पाईप मला पुरला असता. पण आपल्या गल्लीत मी एकटी नाही. लीलाबाई लुगड्याची घडी बांधून पाणी आणते. तिच्या घरात दुसरं माणूस नाही. मैनाबाई आडोशाला बसून रडते ते मी पाहिलंय. आम्ही एकमेकींना विचारतो, 'आज कसं आहे?' तुम्हाला वाटत असेल, बाया झिऱ्यावर गप्पा मारतात. गप्पा ह्याच असतात.

आपल्या अंगणात धो धो पाणी, आणि लीलाबाई माझ्या दारावरून कापड बांधून झिऱ्यावर जाणार. मला दार लावून पाणी प्यावं लागेल. तसं मी येणार नाही.

मळ्यातली विहीर पाऊस लागेपर्यंत गावाला द्या. पाईप अंगणातून काढून पारापाशी न्या. बागेचं काय होईल ते मला कळतं. एकेक झाड तुम्ही हातानं लावलंय, त्या झाडांच्या सावलीत माझ्या लग्नाची पंगत बसली होती. तरी मी मागते आहे. नाही म्हणालात तर मी तुम्हाला दोष देणार नाही. पण मागितलं नाही असं व्हायला नको.

तुमची,
साधना


कोहळगाव
२० मे २०२४

चि. सौ. साधना हिस,

आशीर्वाद.

उत्तराले उशीर झाला. तुले वाटलं असन, म्हातारा रागावला.

तुहं पत्र मी मळ्यात वाचलं. वाचून घरी जाववत नवतं. संध्याकाळी गेलो. तुही सासू भाकरी थापत होती. मी म्हटलं, 'सुभद्रा, साधनाले काय झालं ते तुले माहीत होतं का?' ती म्हणे, 'हो.' मी म्हटलं, 'मले काहून नाही सांगितलं?' तिनं तवा उतरवला. म्हणे, 'माह्यं तरी कुठं सांगितलं?'

साधना, शेखर झाला तेव्हापासून तिलेही तेच आहे. शेखर आता चाळिशीले आला. तितकी वर्षं एका घरात राहिलो, तिच्या हातचं पाणी पेलो, अन् मले माहीत नवतं. मी त्या दिवशी जेवलो नाही. ती म्हणे, 'जेवा, उपाशी राहून पिशवी वर जाते काय?'

दुसऱ्या दिवशी मी अन् शेखरनं अंगणातला पाईप उखडला. शेखरले मी कारण सांगितलं. बापानं पोराले असं सांगायचं म्हणजे अवघड, पण सांगितलं. तो पाईपावर बसला. मंग म्हणाला, 'मी तिले म्हणत होतो, तू आळशी झाली.' एवढंच बोलला अन् खोदाले लागला.

पाईप पारापाशी नेला, काळी टाकी मांडली, तोट्या बसवल्या. अन् ग्रामसभेत मी उभा राहिलो. म्हटलं, 'मळ्यातली विहीर पाऊस लागेपर्यंत गावाची.' लोकाईनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात शालिकराम उठला. त्याचा मळा आपल्या विहिरीच्या खालच्या अंगाले लागूनच आहे. म्हणे, 'दादा, तुमी पुण्य कमवा. पण माह्यी बोअर मी सोमवारी पाडतो. मशीन सांगून ठेवली. माह्ये संत्रे मी वाळू द्यायचे का?'

मी म्हटलं, 'तिथं बोअर पडली तर विहीर आठ दिवसात कोरडी होते. गावानं काय प्यायचं?'

तो म्हणे, 'जमिनीतलं पाणी काही तुमच्या नावाचं नाही.' खरंच बोलला. मी बी पंधरा वर्षं तेच म्हणून मोटर चालवली. चारपाच जणाईनं त्याची बाजू घेतली, त्याईच्याही बागा आहेत. सभा मोडायले आली.

तेव्हा तुही सासू उठली. ग्रामसभेत तिनं उभ्या जन्मात तोंड उघडलं नवतं. पदर डोक्यावर घेतला अन् म्हणे, 'शालिकराम भाऊजी, पाणी वाहून वाहून माह्यी पिशवी उतरली. माह्या सुनेचीही उतरली, म्हणून ती माहेरी आहे, भांडून नाही गेली. अजून कोणाकोणाची आहे ते मी नाव घेऊन सांगत नाही. तुमी घरी जा, दार लावा अन् पार्बताबाईले विचारा. ती नाही म्हणाली तर बोअर पाडा, मी आडवी येत नाही.'

गडी माणसं जमिनीकडं पाहत होती. शालिकराम 'हे काय सभेत बोलायचं आहे का' म्हणाला अन् निघून गेला.

सोमवारी मशीन आली. मी बांधावर उभा होतो. शालिकराम आला, ड्रायव्हरशी काहीतरी बोलला अन् मशीन वळून चांदूरच्या रस्त्यानं गेली. पार्बताबाईनं त्याले काय सांगितलं ते मले माहीत नाही, अन् मले विचारायचंही नाही. तो माह्याशी अजून बोलत नाही. त्याची बाग माह्या बागेच्या आंधी वाळून राहिली.

सभेत तुहं नाव घेतलं गेलं. मी तिले थांबवू शकलो नाही. तुले राग आला असन तर तो माह्यावर काढजो, तिच्यावर नको.

तुझा मामाजी,
पंजाबराव


अकोला
२९ मे २०२४

तीर्थरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

आधी रागाचं सांगते. आला. सबंध गावासमोर माझं हे बोललं गेलं, आता मी कोणत्या तोंडानं त्या पारावरून जाऊ, असं वाटलं. मग लीलाबाईचा फोन आला. ती म्हणाली, 'साधना, काल मले मास्तरीणबाईनं विचारलं, तुलेही आहे का? मी हो म्हटलं. मले हलकं वाटलं.' तेव्हा माझा राग गेला. आत्याबाईंना सांगा, त्यांच्या पाया पडते.

आता कामाचं. डॉक्टरीणबाईंनी जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली आहे. मी त्यांना आत्याबाईंचं सांगितलं. त्या म्हणाल्या, एवढी वर्षं अंगावर काढलंय, आता एक दिवसही नको, त्यांना घेऊन या. दोघींचं एकाच वेळी होऊ शकतं.

मामाजी, आत्याबाई नाही म्हणतील. घर कोण पाहील, पाणी कोण भरेल, म्हणतील. तुम्ही ऐकू नका. घर तुम्ही पाहाल आणि पाणी तुम्ही भराल. गावातल्या सुनेनं सासऱ्याला असं सांगितलं तर लोक नावं ठेवतील. ठेवू देत. मला आता एवढं बोलल्यावर ह्याची भीती वाटत नाही.

ह्यांना आत्याबाईंबरोबर पाठवा. आता मी नाही म्हणणार नाही.

तुमची,
साधना


कोहळगाव
१७ जून २०२४

चि. सौ. साधना हिस,

आशीर्वाद.

शेखर परत आला, त्यानं सगळं सांगितलं. दोघींचंही ऑपरेशन चांगलं झालं, तुही सासू शुद्धीवर आल्या आल्या 'म्हशीले पाणी पाजलं का' म्हणाली. पाजलं, म्हणा. शेखर हेही म्हणाला की तो तुह्यापाशी बसला होता अन् त्याले 'दुखते का' याच्याशिवाय काही विचारता आलं नाही. मी त्याले म्हटलं, माह्यापेक्षा तू लवकर विचारलं.

आता इथलं ऐक. पाऊस अजून नाही. मिरग कोरडाच चालला. ढग येतात, वारा सुटते, अन् सगळं अमरावतीकडं निघून जाते. मळ्यातली विहीर इतकी खाली गेली की मोटर हवा ओढते. पाईप बंद पडला. पाणी आहे, पण दोरानं शेंदावं लागते अन् तिथून आणावं लागते. म्हणजे फिरून तेच. पहिल्याच दिवशी सकाळी पाहतो तर बाया गुंड घेऊन मळ्याकडं निघाल्या.

मी पारावर उभा राहिलो अन् त्याईले परत फिरवलं. मंग गडी गोळा केले. म्हटलं, 'ज्या घरात गडी आहे, त्या घरची बाई विहिरीवर येणार नाही.' दोघं-तिघं हसले. बंडू, तो पानठेलेवाला, म्हणे, 'दादा, आता लुगडं बी नेसू का?' मी म्हटलं, 'नेस, पण गुंड उचल.' काही ऐकले, काही नाही. ज्याईनं ऐकलं नाही त्याईच्या दारात मी रोज जाऊन बसतो. म्हातारा माणूस दारात येऊन बसला की लोकाईले लाज वाटते. आता बरेच येतात.

शेखर बैलगाडीवर ड्रम बांधून पाणी आणते. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत येते, तिथून घरोघरी डोक्यावर न्यावं लागते. लीलाबाईचं तोच भरते. मी आपल्या घरचं भरतो.

पहिल्या दिवशी मी गुंड डोक्यावर घेतला तर मान वळेना. गाडीपासून आपल्या घरापर्यंत वाट कितीशी आहे? दोनदा खाली ठेवला. जवळजवळ सारं पाणी अंगावर सांडलं. घरी येऊन माठात ओतलं, तर माठाचा तळ तेवढा ओला झाला. मी तिथंच बसलो. तू तर नाल्याची चढण चढत होती, वर काखेत कळशी.

बागेचंही सांगतो, नाही तर मनात ठेवलं असं होईन. ओढ्याकडच्या दोन ओळी गेल्या. मी स्वतः तोडल्या, दुसऱ्याले सांगवलं नाही. उरलेली झाडं उभी आहेत, पानं गुंडाळून. त्याईच्या बुडाशी काडीकचरा अंथरून ठेवला. जगतील तेवढी जगतील. पुढं मी एवढी बाग लावणार नाही. वरच्या पडीक तुकड्यात शेततळं खोदायचं शेखरनं ठरवलं, म्हणजे जो चोरासारखा पाऊस येते त्याले कुठंतरी अडवता येईन. जागा पाह्यले शालिकराम आला होता. माह्याशी नाही बोलला, शेखरशी बोलला. म्हणे, तळं दोघाईच्या बांधावर घेतलं तर मोठं होईन. मी दूर उभा राहून होकारार्थी मान हलवली. त्यानं पाहिली.

डॉक्टरीणबाई सांगतील तेव्हाच यायचं. एक दिवस आंधी नाही. इथं काही अडलं नाही. भाकरी मले जमत नाही, पण पिठलं जमते.

तुझा मामाजी,
पंजाबराव


अकोला
२५ जून २०२४

तीर्थरूप मामाजींना साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. माठाचा तळ ओला झाला तिथं त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचल्यावर म्हणाल्या, 'त्याईले सांग, चुंबळ नीट वळायची, मंग मान दुखत नाही.' त्या आल्या की तुम्हाला शिकवतील म्हणाल्या.

त्या हिंडूफिरू लागल्या आहेत. रात्रीची शांत झोप लागते, असं त्यांनीच सांगितलं. इतक्या वर्षांत कुशीवर वळताना भीती वाटली नाही असं पहिल्यांदाच झालं, म्हणाल्या. गीतांजली त्यांना पेपर वाचून दाखवते.

आम्ही तिघी सोमवारच्या गाडीनं निघतो. चांदूरला उतरू. ह्यांना गाडी घेऊन यायला सांगा, पण ड्रम रिकामे झाल्यावर. आधी गावाचं पाणी.

शेततळ्यासाठी पडीक तुकड्याचा उतार कुठून आहे ते मला माहीत आहे. सरपण आणायला मी त्याच बाजूनं जात होते. मी आल्यावर दाखवते, तोवर खोदू नका. आणि मान हलवून भागायचं नाही, शालिकराम काकांशी तुम्हीच आधी बोला. पार्बताबाईंचंही ऑपरेशन व्हायचं आहे. डॉक्टरीणबाईंना मी विचारून ठेवलंय. लीलाबाई आणि मैनाबाईंचंही.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना सांगितलंय, तीन महिने पाण्याचा तांब्यासुद्धा जपून उचलायचा. मी तसंच लिहीत होते. आत्याबाईंनी पत्र हातातून घेतलं आणि म्हणाल्या, 'तीन महिने नको लिहू. जन्मभर सांगितलं, असं लिही.'

म्हणून तसंच लिहिते, मामाजी. जन्मभर सांगितलं आहे.

तुमची,
साधना